गच्चीवरचे पावसाचे पाणी साठवले तर पाणी किती वाचते आणि वीज किती?

पागोळी (प्रश्न)

नमस्कार. आमच्या सात मजली इमारतीच्या गच्चीवर पडणारे पावसाचे पाणी वापरात आणावे, असे रहिवाशांच्या सभेत ठरले असून त्याची आखणी करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. गच्चीचे क्षेत्रफळ सुमारे ४०० चौरस मीटर आहे, रहिवासी ८० च्या आसपास आहेत आणि वर्षाचा सरासरी ८०० मिलिमीटर पाऊस जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडून जातो. नळाचे पाणी तळटाकीत येते आणि तेथून पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढवले जाते. आवारात एक बोअर आहे. उन्हाळ्याच्या अखेरीस त्याची पातळी खोल जाते आणि मग टँकर मागवावे लागतात.

एका पुरवठादाराच्या माहितीपत्रकात ५० हजार लिटरची जमिनीखालची काँक्रीटची टाकी, वाळूची गाळणी आणि आपोआप चालू-बंद होणारा दाबाचा पंप सुचवलेला आहे, आणि या योजनेमुळे पाणी चढवण्याची वीज निम्म्यावर येईल, असा दावा केला आहे. पाणी वाचेल हे समजते. पाऊस मुळात गच्चीवर, म्हणजे उंचावरच पडतो, तेव्हा वीजही वाचायला हवी, हे वरवर पाहता पटते. परंतु तेच पाणी पाइपांतून जमिनीखाली उतरवायचे आणि पंपाने पुन्हा वर न्यायचे असेल, तर वीज नेमकी कोठे वाचते, याचा उलगडा मला होत नाही. शिवाय पाणी टाकीत साठवावे की जमिनीत मुरवावे, यावर आमच्यात दोन तट पडले आहेत. जाणकारांनी शक्य तर आकड्यांसह सांगावे.

जलमापक

आपल्या शंकेतच निम्मे उत्तर आहे. पाणीपुरवठ्याच्या कामात बराच काळ घालवलेला असल्यामुळे हिशेबापासून सुरुवात करतो.

एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. काँक्रीटच्या गच्चीवर भिजण्यात, वाफ होण्यात आणि शिंतोड्यांत साधारण पाचवा हिस्सा जातो असे धरले, तर आपल्या गच्चीवरून वर्षाला ४०० × ८०० × ०.८, म्हणजे २ लाख ५६ हजार लिटर पाणी मिळू शकेल. आकडा मोठा वाटतो. पण ८० माणसांना दररोज माणशी १३० लिटर लागतात असे मानले, तर वर्षाची गरज सुमारे ३८ लाख लिटर होते. म्हणजे पावसाचा थेंबन् थेंब पकडला तरी गरजेच्या ७ टक्क्यांच्या आसपासच भागते. यात इमारतीचा किंवा पावसाचा दोष नाही. इमारत जितकी उंच, तितकी माणशी गच्ची लहान. आपल्याकडे ती प्रत्येकी ५ चौरस मीटर येते. बंगल्यांसाठी केलेले हिशेब बहुमजली इमारतींना जसेच्या तसे लावले, की माहितीपत्रकातले दावे जन्माला येतात.

आता वीज पाहू. हजार लिटर पाणी १० मीटर उचलण्यासाठी, कोणतीही घट न धरता, ०.०२७ युनिट ऊर्जा लागते. तळटाकीपासून गच्चीवरच्या टाकीपर्यंतची उंची २५ मीटर धरली, तर ती ०.०६८ युनिट होते. मोटर, पंप आणि पाइपातले घर्षण मिळून एकूण कार्यक्षमता ४० टक्के मानली, तर प्रत्यक्षात ०.१७ युनिट. म्हणजे वर्षभराचे सगळे ३८ लाख लिटर वर चढवायला आपल्याला साधारण ६५० युनिट लागत असतील. पावसाचे सगळे पाणी पंपाविना वापरता आले, असा अशक्यप्राय आदर्श मानला, तरी वाचणारी वीज ४४ युनिटांच्या पुढे जात नाही. निम्मी वीज वाचण्याचा प्रश्नच येत नाही.

जमिनीखालच्या टाकीत उतरवून पुन्हा वर चढवण्यात ही ४४ युनिटेही हातची जातात. त्यात सुचवलेला पंप दाबाचा आहे. कोणीतरी फ्लश ओढतो, पाच-सहा लिटर पाणी जाते, दाब उतरतो, मोटर चालू होते, काही क्षण चालून बंद पडते. असा छोटा पंप ४५० वॅट ओढून तासाला हजार लिटर देत असेल, तर हजार लिटरमागे ०.४५ युनिट जाते. आपला नेहमीचा मोठा पंप तेच काम ०.१७ मध्ये करतो. म्हणजे या योजनेत इमारतीची वीज वाढण्याचीच शक्यता अधिक. सलग अर्धा-पाऊण तास चालणारा, उंचीला आणि प्रवाहाला जुळेल असा निवडलेला पंप आणि दर दोन मिनिटांनी उठबस करणारा पंप यांच्यातला हा फरक पावसाच्या पाण्याच्या योजनांत सर्रास दुर्लक्षिला जातो.

मग ऊर्जा वाचतच नाही का? वाचते, पण ती आपल्या मीटरवर दिसत नाही. नळाचे पाणी आपल्या तळटाकीत येण्यापूर्वी नदीतून किंवा धरणातून उचललेले असते, शुद्धीकरण केंद्रातून गेलेले असते आणि मोठ्या जलवाहिन्यांतून ढकललेले असते. शहर जलस्रोतापेक्षा १०० मीटर उंचावर असेल आणि मोठ्या पंपांची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर केवळ उचलण्यासाठी हजार लिटरमागे जवळपास ०.४ युनिट लागते. वाटेतली गळती ३० टक्के धरली, तर घरी पोहोचणाऱ्या प्रत्येक हजार लिटरसाठी १,४०० लिटरहून अधिक पाणी उचललेले असते आणि खर्च ०.५५ युनिटांच्या वर जातो. ज्या शहरांना समुद्राचे पाणी गोडे करून मिळते, तेथे हाच आकडा ३ ते ४ युनिटांचा असतो. म्हणून तेच छत आणि तोच पाऊस असूनही ऊर्जेची बचत शहरागणिक कित्येक पटींनी बदलते. ती ठरवायची असेल, तर पावसाचे पाणी कोणत्या पाण्याची जागा घेणार आहे, हे आधी विचारावे लागते.

आपण टँकरचा उल्लेख केला आहे, तो या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. १० हजार लिटरचा टँकर जाऊन-येऊन २० किलोमीटर धावला आणि लिटरमागे ४ किलोमीटर चालला, तर ५ लिटर डिझेल जळते. एका लिटर डिझेलमध्ये सुमारे १० युनिट उष्णता असते. म्हणजे हजार लिटर पाण्यामागे ५ युनिट. उष्णता आणि वीज यांची थेट तुलना करणे तितकेसे बरोबर नाही, हे मान्य. तरीही हे आकडे एकमेकांच्या जवळपासही नाहीत. टँकर ज्या दिवसांत येतात त्या दिवसांत पाऊस नसतो, ही मात्र यातली खरी अडचण आहे.

भूजलवाटा

जलमापक यांनी शेवटी जी अडचण मांडली, तेथूनच मुरवण्याचा विचार सुरू होतो. ५० हजार लिटरची टाकी पावसाळा संपताना काठोकाठ भरलेली असली, तरी ८० माणसांना ती पाच दिवसही पुरणार नाही. सगळ्या काटकसरीने फक्त फ्लशसाठी वापरली तर फार तर तीन आठवडे. उन्हाळ्यापर्यंत पाणी टिकवण्याइतकी मोठी जागा शहरात एकच असते, ती म्हणजे जमिनीखालचा खडक. त्या जागेला सिमेंट लागत नाही आणि लोखंडही लागत नाही. मोठी काँक्रीटची टाकी बांधताना सिमेंट आणि सळया यांच्या निर्मितीत जी ऊर्जा गेलेली असते, ती हजारो युनिटांच्या घरात जाते; वर्षाला ४४ युनिटांच्या बचतीतून ती कधी फिटायची, हे ज्याने त्याने ठरवावे.

परंतु मुरवण्याच्या बाजूनेही भाबडेपणा पुष्कळ चालतो. चार फूट खड्डा खणून त्यात विटांचे तुकडे आणि खडी भरली, की भूजल वाढले असे समजले जाते. आपल्या जागी हे साधेल की नाही, हे दोन गोष्टींवर ठरेल. पहिली म्हणजे भर पावसाळ्यात बोअरमधली किंवा जवळच्या विहिरीतली पाण्याची पातळी. ती जमिनीपासून दोन-तीन मीटरांवर येत असेल, तर खाली नव्या पाण्याला जागाच नाही. मुरवलेले पाणी तळघराच्या भिंतीतून किंवा लिफ्टच्या खड्ड्यात पाझरून परत भेटते. पावसाळ्यातही पातळी खोलच राहत असेल, तर मुरवायला वाव आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे जमिनीचा मुरण्याचा वेग, आणि तो अंदाजाने सांगू नये. नियोजित जागी खड्डा घेऊन तो पाण्याने भरावा, पहिले पाणी जिरून माती भिजली की पुन्हा भरावा आणि पातळी तासाला किती उतरते ते काठीवर खुणा करून पाहावे. कोरड्या मातीचा पहिला वेग फसवा असतो, म्हणून दुसऱ्या भरण्याचा वेग धरायचा. समजा खड्डा तासाला २ हजार लिटर पाणी घेतो. तासाला ६० मिलिमीटर वेगाची सर आपल्या गच्चीवर आली, तर तासाला २४ हजार लिटर पाणी उतरते. अशी सर अर्धा तास टिकली, तरी १२ हजार लिटर येतात आणि त्यातले हजारच जिरतात. उरलेले ११ हजार लिटर थांबवायला जागा केली नसेल, तर ते गटारात जाणार. म्हणून मुरवण्याच्या खड्ड्याआधी लहान का होईना, टाकी हवीच. आपल्याकडचे दोन तट जितके वाटतात तितके वेगळे नाहीत.

कातळाच्या प्रदेशात वरचा मुरमाड थर आणि खालच्या भेगा एवढ्याच ठिकाणी पाणी राहते. भेगा कोठे आणि कोणत्या दिशेने गेल्या आहेत, त्यावर मुरवलेले पाणी आपल्या बोअरला मिळेल की शेजारच्या, हे अवलंबून असते. एका इमारतीने मुरवून आपल्याच बोअरची पातळी वाढेल, ही अपेक्षा पुष्कळदा फोल ठरते. सबंध गल्लीने केले तर सगळ्यांच्याच पातळीत फरक पडू शकतो. विजेच्या दृष्टीने पाहिले, तर पातळी ५ मीटरने वर आल्यामुळे हजार लिटरमागे ०.०३४ युनिटच वाचते. तो फायदा किरकोळ आहे. खरा फायदा बोअर उन्हाळ्यात आणखी काही आठवडे चालू राहिला, आणि तेवढे टँकर टळले, तर आहे.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगतो. चालू बोअरमध्ये गच्चीचा पाइप थेट सोडण्याचा सोपा उपाय कोणी सुचवला, तर त्याला ठाम नकार द्यावा. माती आणि वाळू यांच्यामधून सावकाश झिरपताना जी गाळणी होते, ती बोअरमध्ये होत नाही. वरचे पाणी सरळ भेगांत जाते. गच्चीवरची विष्ठा किंवा पार्किंगमधले तेल अशा रीतीने खाली गेले, तर त्याच भेगांवर अवलंबून असलेल्या सगळ्यांचे पाणी बिघडते आणि ते धुऊन काढायचा मार्ग राहत नाही. मुरवण्याची जागा मैल्याच्या टाकीपासून आणि सांडपाण्याच्या चेंबरपासून दूर असावी, आणि अंगणातले वा रस्त्यावरचे पाणी त्यात कधीही येऊ देऊ नये.

गाळणीखालून

वर मोठे हिशेब झाले आहेत. मी इमारतींच्या देखभालीचे काम करतो, त्यामुळे माझे लक्ष लहान जागांवर जाते. आणि या योजना बहुतेक लहान जागांवरच बंद पडतात.

सर्वप्रथम गच्चीवर पाइपाच्या तोंडाशी उकिडवे बसून बघा. जलरोधक थर दोन-तीनदा चढवलेला असेल, तर तोंडाभोवतीची पातळी बाकीच्या गच्चीपेक्षा वर आलेली सापडते आणि त्याभोवती पाणी साचून हिरवट काळी साय धरते. बादलीभर पाणी ओतले, की ते कोठे जाते हे लगेच दिसते. तोंडावर सपाट जाळी असेल, तर दोन-चार पाने आणि एखादी प्लॅस्टिकची पिशवी तिला पुरती बंद करते. घुमटासारखी वर उठलेली जाळी बसवली, तर तळाशी कचरा अडला तरी वरच्या फटींतून पाणी जात राहते. हे काम अगदी किरकोळ आहे, पण माहितीपत्रकात ते कधी येत नाही.

मग पहिल्या पावसाचे पाणी. कोरड्या महिन्यांत गच्चीवर धूळ, कबुतरांची विष्ठा, पिसे, शेवाळाचे पापुद्रे आणि डांबरी थराचे कण साचतात, आणि पहिला एक ते दोन मिलिमीटर पाऊस ते सगळे घेऊन उतरतो. तेवढे पाणी बाजूला काढायचे, हे तत्त्व सर्वांना माहीत असते. त्याचे माप मात्र कोणी काढत नाही. आपल्या गच्चीवर एक मिलिमीटर म्हणजे ४०० लिटर, दोन म्हणजे ८००. खाली उतरणारे चार पाइप असतील, तर प्रत्येकाला १०० ते २०० लिटरची सोय हवी. बाजारात जो 'पहिल्या पावसाचा पाइप' म्हणून मीटर-दीड मीटरचा उभा तुकडा लावून देतात, तो ११० मिलिमीटरचा असेल तर मीटरमागे त्यात सुमारे ९ लिटर मावतात. म्हणजे काळे पाणी पाच-दहा सेकंदांत तो भरून टाकते आणि पुढचे सगळे टाकीत जाते. प्रत्येक पाइपाच्या पायथ्याशी २०० लिटरचे पिंप ठेवणे हा साधा आणि पुरेसा उपाय आहे. पिंप भरले की आतला तरंगता चेंडू तोंड बंद करतो आणि नंतरचे स्वच्छ पाणी आडव्या फाट्याने टाकीकडे वळते.

पिंपाच्या तळाला साधारण २ मिलिमीटरचे छिद्र असावे, म्हणजे पाऊस थांबल्यावर काही तासांत ते आपोआप रिकामे होते आणि पुढच्या पावसासाठी तयार राहते. छिद्र बुजले तर पिंप भरलेलेच राहते. मग दोन गोष्टी एकदम होतात: पुढच्या पावसाची घाण थेट टाकीत जाते आणि पिंपात डास होतात. डेंगीचा डास अशाच साठलेल्या, फारशा न हललेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवे डास बाहेर पडतात. म्हणून तळाचे झाकण आटे फिरवून हाताने उघडता येईल असेच बसवावे आणि पावसाळ्यात आठवड्याला एकदा ते उघडून गाळ काढावा. टाकीचे झाकण, ओव्हरफ्लोचे तोंड आणि हवेचा पाइप या तिन्हींवर बारीक जाळी हवी. ओव्हरफ्लोची जाळी हमखास विसरली जाते.

वाळूच्या गाळणीबद्दलही सांगितले पाहिजे. शुद्धीकरण केंद्रातल्या जलद वाळू गाळणीतून चौरस मीटरमागे तासाला सुमारे ५ हजार लिटर पाणी जाते. वर म्हटलेली २४ हजार लिटरची सर तशा वाळूतून न्यायची, तर गाळणी ५ चौरस मीटरची लागेल. माहितीपत्रकातल्या चित्रात ती मोरीएवढी दाखवलेली असते. अशा लहान गाळणीतून जोराच्या पावसात बहुतेक पाणी न गाळता वरून सांडून जाते, आणि वर गाळाचा थर बसला की उरलेलेही अडते. त्यापेक्षा आधी पाणी निवळू देणारा हौद, मग जाड खडी आणि तिच्या पुढे बारीक जाळी अशी व्यवस्था फ्लश आणि बागेसाठी पुरते, आणि धुवायलाही सोपी पडते. गाळणी कोण आणि कधी धुणार, हे ठरलेले नसेल, तर ती पहिल्याच पावसाळ्यानंतर निकामी होते.

स्वादगंध

पिण्याचा मुद्दा कोणी काढला नाही, म्हणून थोडे लिहितो. पावसाचे पाणी पिऊन मोठी वस्ती जगू शकते, याला इतिहासात आणि वर्तमानातही दाखले आहेत. व्हेनिस शहर खाऱ्या पाण्यात उभे असून १८८४ मध्ये मुख्य भूमीवरून जलवाहिनी येईपर्यंत तेथील लोक चौकाचौकांखाली चिकणमातीने लिंपलेल्या, वाळूने भरलेल्या हौदांत पाऊस गाळून मधल्या विहिरीतून उपसत. बर्म्युडा बेटांवर आजही घरांची पायऱ्यांसारखी पांढरी छपरे पाऊस धरून घराखालच्या टाकीत सोडतात आणि नव्या घरांना तशी सोय कायद्यानेच करावी लागते. मात्र या दोन्ही ठिकाणी छत आणि टाकी हे पाणीपुरवठ्याचेच अंग मानून सांभाळले गेले. जेथे गच्चीवर लोक वावरतात, कपडे वाळतात आणि कबुतरांचे थवे बसतात, तेथे पिण्यासाठी नळाचे पाणी उपलब्ध असताना पावसाच्या पाण्याचा आग्रह धरू नये. धरायचाच असेल, तर गाळून निर्जंतुक करणे टाळता येणार नाही, आणि डांबरी किंवा ॲस्बेस्टॉसचे छत पिण्याच्या पाण्यासाठी विचारातच घेऊ नये.

पावसाच्या पाण्याचा एक गुण मात्र शहरात वाया जातो. ते मऊ असते, त्यात क्षार नसतात. गिझरच्या तारेवर त्याने खपली धरत नाही, कपडे धुताना साबण कमी लागतो, आणि गच्चीवर सौर पॅनेल असतील तर ते याच पाण्याने धुतल्यास काचेवर पांढरे डाग उरत नाहीत. बोअरच्या जड पाण्याऐवजी धुण्यासाठी हे पाणी वापरता आले, तर तो लाभ फ्लशपेक्षा मोठा आहे, असे माझे मत आहे.

आणि नळाच्या वाहिनीला पावसाच्या पाण्याची वाहिनी कोठेही जोडली जाता कामा नये, मध्ये व्हॉल्व्ह असला तरीही. पावसाच्या टाकीत नळाचे पाणी सोडायची वेळ आलीच, तर नळाचे तोंड टाकीतल्या सर्वांत वरच्या पातळीपेक्षाही वर, मोकळ्या हवेत ठेवावे. पावसाळी वाहिनीचा रंग वेगळा असावा.

पागोळी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. चौकशी केल्यावर दोन गोष्टी कळल्या. आमच्या गच्चीवरच्या टाकीचे दोन कप्पे आहेत आणि फ्लशची वाहिनी आधीपासूनच वेगळ्या कप्प्यातून येते. तसेच पावसाळ्यात बोअरची पातळी १२ ते १५ मीटरांवर असते, असे पंप दुरुस्त करणाऱ्यांनी सांगितले. आता प्रश्न असा, की गच्चीचे पाणी खाली न उतरवता थेट फ्लशच्या कप्प्यातच का घेऊ नये? आणि टाकी किती मोठी बांधावी?

जलमापक

थेट कप्प्यात घेता येत नाही, कारण कप्प्याचा तळ गच्चीच्या फरशीपेक्षा वर असतो आणि पाणी चढ चढत नाही. टाकीपेक्षा उंच असलेले छत बहुधा जिन्याच्या आणि लिफ्टच्या यंत्रखोलीच्या डोक्यावरचे तेवढे असते. ते ३० चौरस मीटर असेल, तर वर्षाला १९ हजार लिटरांच्या आसपास पाणी कोणत्याही पंपाविना फ्लशच्या कप्प्यात पडेल. हे थोडे आहे, पण एक फाटा आणि एक जाळी एवढ्यात काम होते, म्हणून ते जरूर करावे. गच्चीवर आणखी एक मोठी टाकी ठेवण्याचा मोह मात्र आवरावा. पाणी मीटरभर उंच साठले, तर चौरस मीटरमागे एक टन वजन येते. गच्चीचा स्लॅब सहसा त्याच्या अगदी लहान अंशाइतक्याच भारासाठी आखलेला असतो.

दुसरी जागा म्हणजे तळमजल्याच्या डोक्यावरची, भार पेलू शकेल अशी एखादी मधली पातळी. पाइपातले पाणी गच्चीपेक्षा खाली असलेल्या कोणत्याही टाकीत आपोआप जाते. तेथे दोन-तीन हजार लिटरची टाकी बसली, तर बाग, वाहने धुणे आणि तळमजल्यावरची स्वच्छतागृहे यांना उताराने पाणी मिळेल. एवढ्याशा वापरासाठी तरी पंप लागणार नाही, हे आमच्या क्षेत्रात फार क्वचित साधते.

आता मोठी टाकी. माणशी रोज ३० लिटर फ्लशला धरले, तर ८० माणसांना २,४०० लिटर लागतात आणि चार महिन्यांत २ लाख ८८ हजार. गच्चीचे सगळे पाणी २ लाख ५६ हजार आहे. म्हणजे पावसाळ्यात फ्लशची गरज आणि पावसाचा पुरवठा जवळजवळ तुल्यबळ आहेत, आणि टाकीचे काम दोन पावसांमधले दिवस निभावण्याएवढेच उरते. ५० मिलिमीटर पावसाच्या एका दिवसात १६ हजार लिटर पाणी येते. २० हजार लिटरची टाकी ते सामावते आणि आठ दिवस पुरवते. ५० हजारांची टाकी बांधली, तर वरचे ३० हजार फार थोड्या दिवशी भरतील. टाकीचा आकार जितका महत्त्वाचा, त्याहून ती मोसमात किती वेळा भरून रिकामी होते हे महत्त्वाचे आहे. २० हजारांवर थांबावे आणि ओव्हरफ्लो मुरवण्याच्या खड्ड्याकडे न्यावा. पावसाळ्यात पातळी १२ मीटरांखाली राहत असेल, तर भूजलवाटा यांची पहिली अट पूर्ण होते. दुसरी, म्हणजे खड्डा भरून पाहण्याची, पाऊस सुरू होण्यापूर्वीच उरकून घ्यावी.

या टाकीतून फ्लशच्या कप्प्यात पाणी चढवण्यासाठी दाबाचा पंप घेऊ नये. कप्पा रिकामा झाला की एकदा चालून भरेपर्यंत सलग चालेल असा साधा पंप, तरंगत्या स्विचवर ठेवावा. इमारतीची वीज यात वाचणार नाही, ती आहे तेवढीच राहील, हे सभेत आधीच सांगून टाकलेले बरे. वाचेल ते नळाचे आणि बोअरचे पाणी, आणि त्यामागची पलीकडची ऊर्जा.

पावसाच्या वाहिनीवर एक पाण्याचा मीटर आणि या पंपाला स्वतंत्र वीजमीटर बसवून घ्या, आणि दोन्हींची नोंद महिन्याच्या एकाच तारखेला करा. हजार लिटरमागे पाव युनिटाहून जास्त जाऊ लागले, तर पायथ्याचा व्हॉल्व्ह (पंपाच्या ओढ पाइपाच्या तळाशी असलेली, पाणी मागे जाऊ न देणारी झडप) गळत आहे, पाइप अरुंद आहे किंवा पंप चुकीचा आहे, यांपैकी काहीतरी असते. त्यातही बहुधा व्हॉल्व्हच असतो, म्हणून शोध तेथून सुरू करावा.